बाबांच्या वहीतले बाजारभाव

माझी चूक सांगायची तर आधी माझी ऐट सांगावी लागेल, कारण चूक झाली ती ऐटीपायीच.

सीताबर्डीला एका गुंतवणूक सल्लागार कंपनीत मी नोकरी करते. पहिली अकरा वर्षं मी ग्राहकांचे फॉर्म तपासले, सह्या जुळवल्या, फायलींना नंबर दिले. मग डेटाच्या टेबलावरची मुलगी लग्न करून पुण्याला गेली आणि साहेबांनी मला तिच्या खुर्चीवर बसवलं. तिथल्या स्प्रेडशीटला एक अ‍ॅड-इन जोडलेलं होतं. म्हणजे शीटच्या वरच्या पट्टीत बसलेला एक छोटा प्रोग्राम. एका रकान्यात कंपनीचा कोड लिहायचा, शेजारच्या रकान्यात तारीख टाकायची, की त्या दिवशीचा शेअरचा भाव समोर हजर. वीस वर्षांचे मागा, वीस वर्षांचे देतं. नफा, कर्ज, लाभांश, काहीही मागा. दोन हजार रकाने एका झटक्यात भरलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खरंच टाळी वाजवली होती. चाळिशी उलटल्यावर असं काही हातात आलं की माणसाला वाटतं, हे आपणच शोधून काढलं. मी घरीदारी त्याबद्दल बोलत सुटले. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "तुझं ते यंत्र भाजीबी निवडते काय?"

माझं माहेर गावातच, उत्तर नागपुरात. तिथे आई, बाबा आणि धाकटा भाऊ. भाऊ कळमेश्वरच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. बाबा भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल विभागाचे कारकून होते. लोकांना जमिनीच्या जुन्या कागदांची नक्कल हवी असे, ती हातानं उतरवून देणं हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. माझ्या आजोबांना कागदावर फक्त अंगठा उठवता येत होता, आणि त्या अंगठ्याच्या जोरावर लोकांनी त्यांच्याकडून काय काय लिहून घेतलं ते बाबांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यामुळे आपल्या हातचं अक्षर खोटं निघू नये, याची बाबांना फार काळजी. शाळेत असताना मी एकदा प्रगतिपुस्तकातला पाचाचा आकडा सहा केला होता. बाबा माझ्याशी तीन दिवस बोलले नव्हते.

शेअरचं वेड त्यांना नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लागलं. वेड म्हणजे किती, तर आठ कंपन्यांचे दहा-दहा, वीस-वीस शेअर. विकायचे नाहीत, नुसते पाहायचे. रोज सकाळी पेपरात आलेला आदल्या दिवशीचा भाव ते एका लांबट वहीत त्याच दिवसाची तारीख घालून उतरवत. निवृत्तीनंतर त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. वस्तीतल्या विहाराला लागून वाचनालय आहे. तिथे सुविचाराच्या फळ्याशेजारी दुसरा एक फळा रिकामाच लटकत होता. बाबा त्यावर त्या आठ कंपन्यांचे भाव लिहू लागले. वाचनालयात बसणारे बहुतेक निवृत्तच, कोणी रेल्वेतून, कोणी शाळेतून. त्यांच्याकडेही दोन-चार शेअर असायचे आणि पेपरातले बारीक आकडे कोणालाच दिसत नसत. नऊ वाजता बाबा खडू घेऊन उभे राहिले की सगळे माना वर करून बसत. बाबांच्या फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं तिथे ठरूनच गेलं होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी त्या वाचनालयात माझ्या अ‍ॅड-इनचं प्रात्यक्षिक ठेवलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच बाबांच्या मागे लागले होते. ऑफिसचा लॅपटॉप आणला, शेजारच्या क्लासचा प्रोजेक्टर मागून घेतला आणि भिंतीवर शीट उघडून उभी राहिले. कूलर घरघरत होता. पंधरा-वीस जण जमले होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. त्यांनी आपली वही मांडीवर धरली होती. "तुझ्या यंत्राशी आपल्या वहीचा ताळा करून पाहू," असं ते आदल्या दिवशी स्वतःच म्हणाले होते. वही जुळणार याची त्यांना इतकी खात्री होती की ती जुळल्यावर लोक मान डोलावतील, हेही त्यांनी मनात पाहून ठेवलं असावं.

मी म्हटलं, "कोणीही तारीख सांगा."

बाबांनी आपल्या निवृत्तीची तारीख सांगितली. त्या दिवशी वहीत एका कंपनीचा भाव होता अकराशे चौऱ्याऐंशी. मी तारीख टाकली. भिंतीवर आलं, पाचशे ब्याण्णव.

बरोबर निम्मा. आज मला वाटतं, तो आकडा ओरडून सांगत होता की बाई, थांब. पण मी हसले आणि म्हणाले, "बाबांनी खुशीत दुप्पट लिहिला वाटतं." लोकही हसले. रेल्वेतल्या काकांनी आपल्या नातीच्या जन्माची तारीख दिली. कंपनी दुसरी. वहीत दोन हजार सातशे तीस, भिंतीवर पाचशे सेहेचाळीस. आता हसू जरा कमी झालं. तिसरी तारीख मागच्याच महिन्यातली निघाली आणि ती जुळली, तर मी म्हणाले, "बघा, हा बरोबर आला." बालवाडीतल्या मुलाला म्हणावं तसं.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावून वहीत पाहिलं. "पेपरात पाहूनच लिहिलं होतं बेटा मी."

"बाबा, हे डायरेक्ट एक्स्चेंजमधून येऊन राहिलं. यात हातानं काहीच नाही."

मागून कोणी तरी म्हणालं, "मंग आम्ही इतके दिवस कोणत्या भावावर भरोसा ठेवून राहिलो गा?" त्या माणसानं ते बाबांना उद्देशून म्हटलं होतं. बाबांनी वही मिटली. मी मात्र पुढचं सदर उघडलं, लाभांशाचं, आणि आणखी अर्धा तास शहाणपण पाजळलं. निघताना मी मोठेपणानं बाबांना सांगितलं, की मी त्यांना आठही कंपन्यांचे जुने भाव छापून देईन. पुढच्या आठवड्यात दिलेही. जाड गठ्ठा होता, वर क्लिप लावलेली.

त्यानंतरच्या मंगळवारी बाबा वाचनालयात गेले, पण फळ्याला हात लावला नाही. बुधवारी गेलेच नाहीत.

आई भिवापुरी मिरचीचे देठ खुडत बसली होती तेव्हा तिनं मला विचारलं, "काहून वं, त्यायचे आकडे चूक कसे झाले? मीच तं रोज वाचून दाखवत होती. मी पेपरातला वाचत होती, हे वहीतल्यावर बोट ठेवून पाहत. दोघंबी चुकलो काय?"

ती सांगत होती ती बाबांच्या ऑफिसची पद्धत होती. नक्कल उतरवली की दुसऱ्या माणसानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि पहिल्यानं आपल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं. त्याला रुजवात म्हणत. तिच्याशिवाय कागद बाहेर जात नसे. बाबांनी तीच पद्धत घरी चालू ठेवली होती आणि माझी सातवी शिकलेली आई इतकी वर्षं रोज सकाळी त्यांची रुजवात करत आली होती. दोन माणसं, रोज, तोच आकडा. यावर मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आई, तुले ते बारीक अक्षर दिसते तरी काय?"

आई पुन्हा मिरचीकडे वळली.

मग बाबा बदलत गेले. गॅस बंद केला की नाही ते पाहायला दोनदा परत जायचे. लाइट बिल आलं की माझ्यापुढे धरायचे, "किती लिहिलं पाह्य बरं." एकदा औषधाची गोळी घेतली की नाही यावरून त्यांनी आईशी वाद घातला आणि शेवटी घेतलीच नाही, चुकून दोन जातील म्हणून. भावानं मला फोन केला. "ताई, बाबाचं डोकं कमी चालून राहिलं वाटते. तू म्हणत होती न, वहीतबी सगळं चुकीचं लिहून ठेवलं होतं." मी म्हणाले, हो, मलाही तसंच वाटतं. भावानं बाबांच्या स्कूटरची किल्ली आपल्या कपाटात ठेवली.

जुलैत ऑफिसमध्ये एका ग्राहकाची तक्रार आली. त्यानं शेअर ज्या भावानं घेतले होते त्याच्या निम्मा भाव माझ्या अहवालात दिसत होता. मी त्याच ऐटीत म्हणाले की त्याच्याकडचा कागद चुकीचा असेल. माझ्या शेजारी बसणारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी खुर्ची सरकवत आली, अ‍ॅड-इनच्या सेटिंगमधल्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, तुमची अ‍ॅडजस्टेडची टिक लागलेली आहे."

ते असं होतं. कंपनी कधी एका शेअरवर एक शेअर बोनस देते. शेअर दुप्पट होतात, म्हणून त्या दिवसापासून भाव निम्मा होतो. कधी एका शेअरचे पाच तुकडे करते, मग भाव पाचवा हिस्सा. आता आलेखात भाव एकदम कोसळलेला दिसू नये म्हणून अ‍ॅड-इन मागचे सगळे भावही त्याच हिशेबानं कमी करून दाखवतं. तुलनेला ते सोयीचं असतं. पण त्या दिवशी बाजारात जो भाव होता, पेपरात जो छापून आला होता, तो हा नव्हे. तो हवा असेल तर टिक काढायची.

मुलीनं टिक काढली. ग्राहकाचा भाव जुळला. ती चहाला गेल्यावर मी बाबांच्या निवृत्तीची तारीख टाकली. अकराशे चौऱ्याऐंशी. मग रेल्वेतल्या काकांच्या नातीची. दोन हजार सातशे तीस. बोनस शेअरवर मी एम.कॉम.ला पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, तेही पाठ करून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या घरात बाबा भावासाठी वापरत. ती खरं तर माझ्यासाठी होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी फोन करायला हवा होता. एक मिनिटाचं काम होतं. मी केला नाही. म्हटलं, समोरासमोर सांगू. रविवारी गेले तर भाऊ घरी होता, त्याच्यासमोर नको वाटलं. पुढच्या रविवारी वाचनालयातले एक काका भेटले. "जयभीम बेटा, पुन्हा एकदा घे न तो क्लास," असं ते म्हणाले आणि मी लाजत-लाजत "घेऊ न" म्हणून आले. खरं सांगायचं तर मला माझी शहाणी म्हणून झालेली ओळख सोडवत नव्हती. बाबा तसेही थकलेच आहेत, आकडा बरोबर होता हे कळून असा काय फरक पडणार, अशीही मी स्वतःची समजूत घातली. इतकं नीच मी आयुष्यात दुसरं काही मनाशी बोललेली नाही.

ऑगस्टमध्ये भाऊ बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही गेले. मी बाहेर बसले, दार अर्धं उघडं होतं. डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात." बाबा म्हणाले, त्र्याण्णव. मग थांबले. "त्र्याण्णव न? थांबा, पुन्हा करतो." शहाऐंशी म्हणाले आणि पुन्हा शंभरापासून सुरुवात केली. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. पण प्रत्येक उत्तरापाशी ते मागे जात होते, आणि मध्येच त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवते का ते बघायला. मी बाकावर बसून पर्सची चेन उघडत-लावत होते. मला तेव्हा सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी वयोमानानं होतं म्हणून सांगितलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. येताना बाबा रिक्षात म्हणाले, "पास झालो काय गा मी?" भाऊ हसला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा बाबा पलंगावर वही उघडून बसले होते. शेजारी मी दिलेला छापील गठ्ठा, हातात लाल पेन आणि पट्टी. मला पाहून त्यांना बरं वाटलं. "ये. मी म्हटलं, नीट करून ठेवावं. तू वाच, मी लिहितो. लवकर होईल."

मी जवळ जाऊन पाहिलं. त्यांनी आपला एकेक आकडा पट्टी लावून एका रेघेनं खोडला होता, वर गठ्ठ्यातला आकडा लिहिला होता आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी तारीख घालून आद्याक्षरी सही केली होती. सरकारी कागदावर चूक सुधारायची हीच रीत. अशी सहा पानं झाली होती. आयुष्यभरात या माणसानं एक खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि आता तो खरे आकडे खोडून त्यावर सह्या करत होता. कारण मी सांगितलं होतं.

मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. "बाबा, नका करू. तुमचे आकडे बरोबर आहेत."

"कोणते?"

"सगळे. मी चुकली."

मग मी सांगितलं. बोनस, तुकडे, चौकोनातली टिक, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बोनसचं मले माहीत होतं." आणि वहीची पानं उलटून त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. समासात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आजपासून एकास एक बोनस, भाव निम्मा. एप्रिलमध्ये मी वहीची चार पानं पुढे चाळली असती तरी पुरलं असतं.

"पण मागचा भाव कसा काय बदलते?" त्यांनी विचारलं. "जो दिवस होऊन गेला, त्याचा आकडा आता कोणी काहून बदलवीन?"

"तुलनेसाठी, बाबा. सोयीसाठी."

"त्या दिवशी अकराशे चौऱ्याऐंशीच होता न?"

"होता."

त्यांनी सहा पानांवरच्या लाल रेघा एकेक करून पाहिल्या. मी विचारलं, "तुम्ही भांडले काहून नाही माझ्याशी? आईले माहीत होतं, तुम्हाले माहीत होतं. समासात लिहून ठेवलं होतं. एक शब्द नाही बोलले."

"तू म्हटलं न," बाबा म्हणाले. "तुले शिकवलं कशासाठी मग? तू सांगशील ते खरं असेल, म्हणूनच तं शिकवलं."

ते रागानं म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. ते मला समजावून सांगत होते. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला होता. मी तिच्याकडे गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "मले दिसते बारीक." एवढंच.

हे कधी कळलं तुला, असं बाबांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, जुलैत. डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आधी. तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं. त्यावर ते आजवर काही बोललेले नाहीत.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ऐकून मंडळी म्हणाली, "अस्सं होय." एक जण म्हणाला, "अवं बाई, आम्ही तं त्याच दिवशी विसरलो." आणि सगळे आपापल्या पेपरात परत गेले. माझी फजिती पाहायलाही कोणाला फुरसत नव्हती. बाबा आले नव्हते.

भावानं किल्ली परत दिली. बाबा आठवडाभर स्कूटर नुसती पुसत राहिले, मग चालवू लागले. ऑक्टोबरपासून फळ्यावर भाव पुन्हा येतात. वहीही चालू आहे. आई म्हणते, सगळं पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं झालेलं नाही. आता आकडे वाचून दाखवायला ते आईला बोलावत नाहीत. रोज सकाळी साडेआठला माझा फोन वाजतो. बाबा आठ आकडे वाचतात आणि मी अ‍ॅड-इनमध्ये पाहून एकेकाला बरोबर म्हणायचं. त्यानंतरच ते खडू घ्यायला बाहेर पडतात. मी शंभरदा सांगून पाहिलं की बाबा, मला कशाला विचारता, आईला विचारा, पेपरात आहे तेच बरोबर. ते "हो हो" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात.

परवा मी मेट्रोच्या जिन्यावर होते, एका हातात डबा, लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत. त्यांनी आठ आकडे वाचले आणि मी न पाहता म्हणाले, "बरोबर आहेत बाबा, सगळे बरोबर आहेत."

"तू पाहिलं नाही," बाबा म्हणाले. "पाहून सांग बेटा. मी चुकत असतो."

मी जिन्यावर बाजूला झाले, डबा पायरीवर ठेवला आणि लॅपटॉप उघडला.